येलो कोरिस रॅस चार दिवसांपासून वाळूत आहे : उकरावे की वाट पाहावी?

सागरतळ (पुणे)

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी मी ‘येलो कोरिस’ या नावाने विकला जाणारा पिवळाधमक रॅस (रॅस हे समुद्री माशांचे एक कुळ) माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी घरी आणला. तो साधारण सात सेंटिमीटर लांबीचा असून, टाकीत सोडल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत त्याने तळातील खडीत डोके खुपसून स्वतःला पूर्ण गाडून घेतले. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास तो दहा मिनिटे बाहेर दिसला, काचेलगत दोन फेऱ्या मारून पुन्हा त्याच कोपऱ्यात शिरला आणि त्यानंतर आज गुरुवारपर्यंत आम्हा कोणालाही दिसलेला नाही. तो दिसला तेव्हा त्याचा खालचा ओठ किंचित पांढरा, खरवडल्यासारखा वाटला होता.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच असून संपसह (पाणी गाळण्यासाठीची जोडटाकी) पाणी सुमारे २८० लिटर भरते. ती सुरू होऊन पाच महिने झाले. सध्या तीत क्लाउनफिशची एक जोडी आणि दोन बॅन्गाई कार्डिनल आहेत. अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट दहाच्या आसपास, विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) १.०२५ आणि तापमान दुपारी २९ अंशांपर्यंत चढते. तळाशी दुकानात ‘कोरल चिप्स’ म्हणून मिळणारी जाड खडी दोन ते अडीच सेंटिमीटर पसरलेली आहे. दिवे दुपारी एक ते रात्री दहा चालू असतात, कारण मी सात वाजता घरी येतो आणि त्यानंतरच टाकीसमोर बसायला मिळते.

घरच्यांचे मत असे की मासा मेला असणार आणि तो कुजून बाकीच्यांनाही घेऊन जाण्याआधी कोपरा उकरून पाहावा. काल मी हातमोजे घालून बसलोही होतो, पण धीर झाला नाही. उकरावे का? नसेल तर किती दिवस थांबावे? दुसरे असे की, दोन महिन्यांपूर्वी माझा एक फेअरी रॅस टाकीबाहेर उडी मारून गेला. तो स्टँडच्या मागे वाळलेला सापडला. त्यामुळे या कुळातील मासे माझ्या हाताला लाभत नाहीत की माझ्या मांडणीतच काही चूक आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. हा टिकला तर पुढे सिक्स-लाइन रॅस आणि पुन्हा एक फेअरी आणण्याचा विचार आहे.


खारजमीन (डोंबिवली)

सर्वप्रथम हातमोजे कपाटात ठेवावेत. उकरू नये.

तुमचा मासा म्हणजे हॅलिकोइरस क्रायसस. व्यापारात त्याला कोरिस म्हणत असले तरी तो कोरिस या प्रजातीचा नव्हे. मात्र वाळूत झोपण्याची सवय दोघांनाही आहे. हॅलिकोइरस दररोज रात्री वाळूत शिरतो आणि भीती वाटली तर दिवसाही शिरतो. पिशवीतून, जाळीतून आणि अनोळखी पाण्यातून आलेल्या माशाने पहिले तीन-चार दिवस गाडून घेणे ही नेहमीची गोष्ट आहे. माझ्याकडे एकाने दहा दिवस काढले होते आणि अकराव्या दिवशी तो काहीच न घडल्यासारखा मायसिस (खाद्य म्हणून मिळणारे झिंग्यांसारखे इवले जीव) खात होता. अशा माशाला उकरून काढले, तर ज्या एकमेव जागेवर त्याने विश्वास टाकला आहे तीही आपण हिरावून घेतो, शिवाय बोटाने किंवा चमच्याने त्याच्या अंगाला इजा होते ती वेगळीच.

आता तुमच्या दिव्यांच्या वेळेकडे वळतो, कारण माझ्या मते अर्धे कोडे तिथेच सुटते. आपल्याकडे येणारे बरेचसे रॅस इंडोनेशियातून येतात. बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि विषुववृत्ताच्या जवळ असल्याने तिथे सूर्य वर्षभर सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे तुमच्या माशाच्या शरीरातील घड्याळाप्रमाणे झोपायची वेळ आपल्या दुपारी साडेतीन-चारला होते. अमेरिकेतील छंदिष्ट ज्या ‘जेट लॅग’बद्दल लिहितात तिथे दिवसाची रात्र झालेली असते, आपल्याकडे फरक थोडा आहे, पण तुमच्या बाबतीत तो नेमका आडवा येतो. तुम्ही दिवे दुपारी एकला लावता आणि स्वतः सातनंतर पाहता. मासा पहाटेच जागा होत असेल, खिडकीतून आलेल्या उजेडात फिरत असेल आणि तुमचे दिवे लागून दोन-तीन तास होतात न होतात तोच झोपायला जात असेल. रविवारी तो अकरा वाजता दिसला, म्हणजे नेमका सुटीच्या दिवशी सकाळी. उद्या सकाळी सहा ते नऊ या वेळेत मोबाइल टाकीसमोर ठेवून चित्रण करावे आणि तोपर्यंत मृत्यूचा निष्कर्ष काढू नये. आठवड्याभरात बहुतेक मासे आपल्या वेळेवर येतात; दिवे काही दिवस सकाळी लवकर लावून मग रोज अर्धा तास पुढे सरकवल्यास त्यांना ते अधिक सोपे जाते.

मासा खरोखर मेला असेल तर ते कळण्याचे मार्गही आहेत. टाकीत नॅसॅरियस गोगलगायी किंवा हर्मिट खेकडे असतील तर ते एकाच ठिकाणी गोळा होतील. रोज अमोनिया तपासावा. इतक्या पाण्यात सात सेंटिमीटरचा एक मासा कुजल्याने, जीवाणूंची घडी बसलेली असल्यास, सहसा सगळी टाकी कोसळत नाही.

मांडणीतील चूक मात्र आहे, आणि ती म्हणजे ती खडी. वाळूत झोपणाऱ्या रॅसला साखरेच्या दाण्याएवढी, अर्ध्या ते एक मिलिमीटरची, बारीक अॅरॅगोनाइट (चुनखडीची) वाळू हवी आणि ती किमान पाच, शक्य तर सात-आठ सेंटिमीटर खोल हवी. हा मासा तोंड पुढे करून पूर्ण वेगाने वाळूत घुसतो. तिथे जाड खडी असेल तर ओठ सोलतो, तिथे जंतुसंसर्ग होतो, ओठ दुखतो म्हणून मासा खात नाही, आणि पंधरा दिवसांनी आपण ‘रॅस नाजूक असतो’ असे लिहितो. पांढरा ओठ हे त्याचे पहिले लक्षण आहे. समुद्रकिनाऱ्यावरची किंवा बांधकामाची वाळू कृपया आणू नये.

मासा बाहेर येऊ लागल्यावर, तो सकाळी पोहत असताना, तो झोपतो त्याच्या विरुद्ध बाजूची खडी सायफनने काढून तिथे धुतलेली बारीक वाळू पाइपमधून अलगद तळाशी सोडावी. पाणी एक दिवस गढूळ राहील, त्याला इलाज नाही. आठवड्याने दुसरी बाजू करावी. वेव्हमेकरचा (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचा) झोत तळावर येत असेल तर वर वळवावा, नाहीतर नवी वाळू एका कोपऱ्यात ढीग होऊन बसते आणि बाकी ठिकाणी काच उघडी पडते.

क्वारंटाइनबद्दल (नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवण्याबद्दल) तुम्ही विचारलेले नाही, तरी माझा अनुभव सांगतो : हॅलिकोइरसला मी उघड्या तळाच्या टाकीत ठेवत नाही. वाळू नसेल तर तो रात्रभर काचेवर आपटत राहतो.


प्रवाळिका (रत्नागिरी)

खारजमीन दादांच्या बहुतेक सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र अर्धवटच. त्यावर नंतर येते. आधी खाण्याबद्दल लिहिते, कारण मूळ प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही आणि माझ्या पाहण्यात रॅस उपासमारीनेच अधिक मरतात.

या कुळातील माशांना आपल्या अर्थाने जठर नसते. अन्ननलिकेतून अन्न थेट आतड्यात जाते, त्यामुळे एकदा पोटभर खाऊन दिवसभर पचवत बसणे त्यांना जमत नाही. समुद्रात ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत टोचत असतात : बारीक कवचधारी, कृमी, इवल्या गोगलगायी. घशातील दातांनी ते कवचे फोडतात. तेव्हा दिवसातून एकदा चिमूटभर दाणे टाकणे क्लाउनफिशला पुरेल, रॅसला पुरणार नाही. दिवसातून तीन वेळा थोडे थोडे द्यावे. सागरतळ यांना कार्यालयामुळे ते शक्य नसेल, तर दुपारचा एक घास स्वयंचलित फीडरवर सोपवावा आणि गोठवलेले मायसिस सकाळी व संध्याकाळी हाताने द्यावे. माशाला समोरून पाहावे. डोक्यामागे पाठ खचलेली आणि पोट आत गेलेले दिसले तर तो खात असूनही त्याला पुरत नाही किंवा त्याच्या आतड्यात कृमी आहेत.

कोकणात राहण्याचा एक फायदा असा की ताजा जवळा मिळतो. तो गोड्या पाण्यात नीट धुऊन, पातळ थर करून गोठवून ठेवला की लहान तुकडे मोडून देता येतात. सुकवलेला जवळा देऊ नये, त्यात किनाऱ्याची रेती असते आणि पोषण फारसे उरत नाही. तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) उघडून अर्धे शिंपले तसेच तळाशी ठेवले तर न खाणारा रॅसही कुतूहलाने टोचू लागतो. तासाभराने उरलेले शिंपले काढून घ्यावे, नाहीतर नायट्रेट वाढते. मात्र केवळ जवळा आणि तिसऱ्यांवर मासा वर्षभर ठेवू नये. अशा कच्च्या कवचधारी-शिंपल्यांमध्ये थायमिन नष्ट करणारे विकर असू शकते, म्हणून आलटूनपालटून मायसिस, माशांची अंडी आणि चांगल्या प्रतीचे दाणे द्यावेत.

आता क्वारंटाइन. वाळूशिवाय हॅलिकोइरसचे हाल होतात हे खरे, पण म्हणून त्याला थेट मुख्य टाकीत सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जेवणाच्या डब्याएवढा प्लॅस्टिकचा डबा घेऊन त्यात आठ सेंटिमीटर बारीक सिलिका वाळू भरावी आणि तो क्वारंटाइन टाकीच्या अंधाऱ्या बाजूला ठेवावा. मासा पहिल्याच संध्याकाळी तो शोधून काढतो. वाळू सिलिकाचीच सांगते, याचे कारण असे की अॅरॅगोनाइट तांबे (परजीवींवर दिले जाणारे औषध) शोषून घेते आणि औषधाची मात्रा हातात राहत नाही. तांब्याचे औषध रॅसना सोसते, पण एका दिवसात पूर्ण मात्रेवर नेले तर ते खाणे सोडतात. चार-पाच दिवसांत हळूहळू चढवावे आणि चाचणीसंचाशिवाय तर मुळीच वापरू नये. कल्ल्यांवरील व त्वचेवरील चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल लिटरला दोन ते अडीच मिलिग्रॅम, आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा एकदा. त्या काळात हवेचा पंप जोरात चालू ठेवावा, कारण पाण्यातील प्राणवायू घटतो.

आणखी एक गोष्ट, जी फारशी सांगितली जात नाही. अनेक विक्रेते विशिष्ट गुरुत्व १.०१८ ते १.०२० इतके कमी ठेवतात. मीठ वाचते आणि परजीवीही थोडे आवरतात. तिथून मासा तुमच्या १.०२५ च्या पाण्यात एका तासात आणणे हा त्याच्यावर मोठा ताण असतो. दुसरीकडे, लांबचा प्रवास करून आलेली पिशवी उघडून तासन्तास थेंबथेंब पाणी मिसळत बसणेही घातक आहे, कारण पिशवी उघडताच कर्बवायू निघून जातो, सामू वाढतो आणि पाण्यातील तोवर निरुपद्रवी असलेल्या अमोनियमचे विषारी अमोनियात रूपांतर होते. त्यामुळे विक्रेत्याला आधी खारेपणा विचारावा, क्वारंटाइन टाकी त्याच पातळीवर तयार ठेवावी, तापमान जुळवून मासा लगेच सोडावा आणि मग काही दिवसांत खारेपणा वाढवावा.

२९ अंश हे सततचे तापमान मला अधिक वाटते. २५ ते २७ च्या दरम्यान ठेवता आले तर मासा आणि जीवाणू दोघांनाही प्राणवायू पुरतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावून दोन-तीन अंश सहज उतरतात; आमच्याकडे दमट हवेत ते होत नाही, म्हणून चिलर घ्यावा लागला. पंखा लावला तर बाष्पीभवन इतके होते की रोज गोडे पाणी भरावे लागते. ते आपोआप भरणारे उपकरण नसेल तर खारेपणा संध्याकाळपर्यंत वर गेलेला असतो.


उडतामासा (नाशिक)

माझ्या नावावरून लक्षात आले असेलच की मी कोणत्या विषयावर लिहिणार आहे.

फेअरी रॅस तुमच्या हाताला लाभला नाही असे नाही, तो झाकणातल्या फटीतून गेला. फेअरी आणि फ्लॅशर, म्हणजे सिऱ्हिलॅब्रस आणि पॅराकायलिनस, हे वाळूत झोपत नाहीत. दगडांच्या कपारीत स्वतःभोवती चिकट स्रावाचा पारदर्शक कोश विणून त्यात झोपतात. त्यांचे भाऊबंद असलेल्या पोपटमाशांवर संशोधकांनी प्रयोग केले तेव्हा कोश काढून घेतलेल्या माशांवर रक्तपिपासू परजीवींचे हल्ले कितीतरी वाढलेले आढळले, आणि त्यांनी या कोशाला समुद्रातली मच्छरदाणीच म्हटले आहे. सकाळी टाकीत जेलीसारखा पापुद्रा तरंगताना दिसला तर घाबरू नये, तो रात्रीचा अंथरूण-पांघरूणाचा पसारा असतो. मुद्दा असा की वाळूत जाणाऱ्या रॅसला भीती वाटली तर तो खाली जातो, आणि वाळूत न जाणाऱ्याला पळायला वर हीच दिशा उरते.

पूर्ण काच घालून झाकू नये, हवा खेळत नाही आणि उष्णता कोंडते. अॅल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीत सहा मिलिमीटर भोकांची पारदर्शक जाळी बसवून घ्यावी. खिडक्या करणारा कोणताही कारागीर मापाने ती करून देतो. खरी परीक्षा कोपऱ्यांची असते. रिटर्न पाइप (संपमधून पाणी परत आणणारा), वेव्हमेकरची वायर आणि ओव्हरफ्लोचा डबा (पाणी संपमध्ये उतरवणारा) यांच्यासाठी आपण जे खाचे कापतो, मासा नेमका तिथूनच जातो. तुमचा मासा स्टँडच्या मागे सापडला, म्हणजे बहुधा मागच्या पाइपच्या खाचेतून. दोन बोटे जात असतील तर मासाही जाईल असे समजावे. ओव्हरफ्लोच्या डब्यावरही जाळी हवी, नाहीतर मासा संपमध्ये पोहताना सापडतो. ते एका अर्थी बरे, पण रिटर्न पंपाच्या तोंडाशी नव्हे.

उडी बहुतेकदा दिवे अचानक बंद झाल्यावर पडते. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा भरदुपारी टाकीत एका क्षणात अंधार होतो, पंप थांबतो आणि मासे बिथरतात. खोलीतील एक साधा दिवा इन्व्हर्टरवर ठेवला की हा धक्का जातो. त्याच इन्व्हर्टरवर एक लहान वेव्हमेकर टाकावा. तो पाण्याचा पृष्ठभाग हलवत राहिला की प्राणवायूची चिंता बरीच कमी होते.

सिक्स-लाइनबद्दल माझे मत स्पष्ट आहे : आणू नये, किंवा अगदी शेवटी आणावा. दिसायला तो सुंदर आहे, चपटे कृमी आणि शिंपल्यांना त्रास देणाऱ्या बारीक गोगलगायी तो खातो, पण टाकी एकदा स्वतःची मानली की नंतर येणाऱ्या प्रत्येक शांत रॅसचा तो पिच्छा पुरवतो. चार फुटांच्या टाकीत फेअरीला लपायला जागा उरत नाही. फेअरी हवा असेल तर आधी फेअरी आणावा, आणि तोही दोन-तीन दिवस जाळीच्या पेटीत टाकीतच टांगून ठेवावा, म्हणजे जुन्या रहिवाशांची ओळख होते. त्याच भरात लेपर्ड रॅस किंवा क्लीनर रॅस मात्र घेऊ नये. लेपर्ड दिवसभर दगडांवरचे सूक्ष्म जीव टिपून जगतो. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने समुद्रातील जिवंत दगड आणणे गुन्हा आहे, म्हणून आपल्या टाक्या कोरड्या किंवा कृत्रिम दगडांवर उभ्या राहतात, आणि पाच महिन्यांच्या अशा टाकीत त्याला खायला काहीच नसते. क्लीनरचे तर अन्नच इतर माशांच्या अंगावरचे परजीवी. चार माशांच्या घरात तो उपाशी राहतो आणि त्या चौघांना छळतो.

जाता जाता एक विचारतो. पाणी कोणते वापरता? स्वयंपाकघरातील आरओ असेल तर त्यात बहुधा क्षार परत मिसळणारा भाग असतो, आणि अलीकडे काही यंत्रे पाण्यात मुद्दाम तांबे सोडतात. पिण्याला ते चालत असेल, पण तुमच्या गोगलगायींना आणि पुढे प्रवाळांना चालणार नाही.


सागरतळ (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवसांनी लिहितो आहे, कारण चित्रण पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला मोबाइल लावला. सहा वाजून पन्नास मिनिटांनी, दिवे बंद असताना, खडीतून आधी पिवळे डोके आणि मग संपूर्ण मासा बाहेर आला. तो जवळजवळ दोन तास दगडांवर टोचत होता आणि मी आंघोळ करून कार्यालयात निघालो तेव्हा परत गेला. आम्ही सर्वांनी ते चित्रण दोनदा पाहिले. शनिवारपासून दिवे सकाळी सातला लावतो आहे. काल त्याने अर्ध्या शिंपल्यातली तिसरी टोचली आणि आज मायसिसचे पाच-सहा तुकडे खाल्ले. ओठ अजून पांढरा आहे, पण वाढलेला नाही. उजव्या बाजूची खडी आज काढली, बारीक वाळू सहा सेंटिमीटर भरली. पाणी सध्या ताकासारखे आहे.

उडतामासा यांचा अंदाज दोन्ही बाबतींत बरोबर निघाला. मागच्या पाइपची खाच मोजली, साडेचार सेंटिमीटर आहे. आणि पाणी स्वयंपाकघरातल्याच आरओचे होते. त्याच्या माहितीपत्रकात तांब्याचा उल्लेख ठळक अक्षरांत आहे. दोन महिन्यांत माझ्या सहा गोगलगायी का गेल्या हे आता लक्षात येते आहे. डीआय (उरलेले क्षार काढणाऱ्या) काडतुसासह वेगळे यंत्र मागवले आहे. सिक्स-लाइन रद्द. त्याऐवजी याच जातीचा दुसरा येलो कोरिस आणला तर भांडतील का?


प्रवाळिका (रत्नागिरी)

दुसरा आणायचा असेल तर स्पष्टपणे लहान आणावा. या कुळात बहुतेक मासे आधी मादी असतात आणि गटातील सर्वात मोठा पुढे नर होतो. १९७२ मध्ये डी. आर. रॉबर्टसन यांनी ग्रेट बॅरियर रीफवरील क्लीनर रॅसमध्ये दाखवले की नर काढून घेतल्यावर वरचढ मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-अडीच आठवड्यांत शुक्राणूही तयार करते. लहान-मोठ्या आकारांचे दोन मासे आपसांत ही उतरंड लावून घेतात. दोन मोठे नर एका टाकीत आले तर मात्र ती लागत नाही. आणि आधी ही वाळू पूर्ण बदलून, ओठ भरून, महिनाभर जाऊ द्यावा. पाण्यात सध्या तांबे आहे का, हे तपासल्याशिवाय नव्या गोगलगायी टाकू नयेत. त्या खडीतही ते मुरलेले असेल, म्हणून डावी बाजू फार दिवस लांबवू नये.